पॉवर बँकवर टॅब सुरक्षित कसा चालवायचा, पावसाळ्यातल्या आणि चवथीतल्या (गणेश चतुर्थीतल्या) गोव्यासाठी

जून लागला की सत्तरीत, पेडण्यात, डिचोलीच्या आतल्या वाड्यांवर लाईट जाणं ठरलेलंच असतं, कुठेतरी आकेशियाचं झाड तारेवर पडतं आणि मग अर्धा दिवस वाट बघत बसायचं. आता मुलांचा अभ्यास टॅबवर, भजनी मंडळाचे अभंग टॅबवर, नाटकाच्या तालमीची संहिता पण टॅबवरच, त्यामुळे घरोघरी एखादी पॉवर बँक आलेलीच आहे. पण फोनला लावतो तशीच टॅबला लावली की कधी चार्ज होत नाही, कधी दोन्ही तापतात, कधी पॅक, म्हणजे ही पॉवर बँक, महिन्याभरात फुगतो. म्हणून सगळं एकदा नीट लिहितोय, घाईने वाचू नका, हातात तुमचा पॅक आणि केबल घेऊनच बसा.

बहुतेकजण दुकानात गेले की पहिला प्रश्न, "किती एमएएच?" म्हणजे मिलीअँपिअर-अवर, पॅकमध्ये किती वीज मावते त्याचा आकडा. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी वॉट (वीज किती जोराने मिळते ते), मग केबल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तयार होणारी उष्णता बाहेर जायला वाट आहे की नाही. ह्या तीन गोष्टी जमल्या की १०००० चा पॅक पण छान काम देतो आणि नाही जमल्या तर ३०००० चा पण डोक्याला तापच.

एक भीती आधी काढून टाकू. "जास्त अँपिअरचा पॅक लावला तर टॅब जळेल का?" नाही जळत. पॅकवर ३ अँपिअर लिहिलंय म्हणजे तो ३ पर्यंत देऊ शकतो एवढंच, किती ओढायचं ते टॅबच्या आतलं चार्जिंग सर्किट ठरवतं. व्होल्टेजचं पण तसंच, टाईप-सी पोर्ट आधी ५ व्होल्टच देतो, मग पॅक आणि टॅब एकमेकांशी बोलतात, टॅबने ९ मागितले तरच ९ मिळतात. धोका असतो तो ह्या बोलण्यात गडबड करणाऱ्या स्वस्त केबलीचा आणि आत भलतेच सेल भरलेल्या पॅकचा.

आधी हिशोब: तुमच्या टॅबला लागतं किती

टॅबची बॅटरी वॉट-अवरमध्ये बघायची सवय लावा, एक वॉट-अवर म्हणजे एक वॉट तासभर मिळेल एवढी वीज. सॅमसंगच्या टॅब ए९ प्लसची बॅटरी ७०४० एमएएच, म्हणजे साधारण २७ वॉट-अवर. दहाव्या पिढीचा आयपॅड २८.६ वॉट-अवर आणि त्यावर ॲपल १० तास वापर सांगते, म्हणजे सरासरी ३ वॉटच्याही आत. आपल्याकडे ब्राईटनेस फुल, मोबाईल डेटा चालू आणि रेंज एक दांडी अशी परिस्थिती असली की ५ वॉटपर्यंत धरा.

आता पॅक. २०००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, बाहेर ५ व्होल्ट देताना तो तसा राहत नाही. म्हणून २०००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७, झाले ७४ वॉट-अवर. व्होल्टेज वाढवताना थोडी वीज उष्णतेत जाते, हातात साधारण ६२-६३ येतात. पुढे टॅब स्वतः चार्ज होताना पण थोडी खातो, २७ च्या बॅटरीला ३०-३१ द्यावे लागतात. म्हणजे २०००० चा पॅक असा टॅब दोनदा भरतो, १०००० चा जेमतेम एकदा. पाच वेळा चार्ज होतो असं कोणी सांगत असेल तर तो फोनबद्दल बोलतोय, नाहीतर थापा मारतोय.

घरात लाईट जाण्यासाठी १०००० पुरतो. रात्रभर भजन किंवा दिवसभर पंचायतीच्या सर्व्हेचं फिरतीचं काम असेल तर २०००० घ्या. त्याच्या वर जायची गरज टॅबला फारशी पडत नाही, आणि वजन वाढतं ते वेगळंच.

पॅक उलटा करा आणि बारीक अक्षरं वाचा

पॅकच्या पाठीवर जी मुंगीएवढी अक्षरं असतात ना तिथे सगळं लिहिलेलं असतं, मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा. पहिली ओळ कपॅसिटी, तिथे एमएएचच्या बाजूला वॉट-अवर पण हवेत. त्याखाली "रेटेड कपॅसिटी" म्हणून छोटा आकडा असतो, १०००० च्या पॅकवर साधारण ६००० च्या आसपास आणि बाजूला ५ व्होल्ट लिहिलेलं. लोकांना वाटतं फसवलं, उलट हा आकडा लिहिणारी कंपनी खरं सांगतेय, हाच आकडा तुमच्या कामाचा. ज्या पॅकवर नुसतं ठळक ५०००० आणि रेटेड कपॅसिटीचा पत्ताच नाही, वॉट-अवर नाहीत, आणि हातात घेतला तर हलका लागतो, तो घेऊच नका, कितीही स्वस्त असू दे.

मग आऊटपुटच्या ओळी. तिथे ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर असं काहीतरी दिसेल. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. तुमच्या टॅबच्या मूळ चार्जरवर जो आकडा आहे तो ह्या यादीत सापडला पाहिजे. १५ वॉटने चार्ज होणाऱ्या टॅबला ५ व्होल्ट १ अँपिअरचा जुना पॅक लावला तर तो बिचारा ५ वॉटच देणार, आणि स्क्रीन चालू असेल तर आलेलं सगळं स्क्रीनच खाऊन टाकणार. आणखी एक गोष्ट, डब्यावर मोठ्या अक्षरात २२.५ वॉट लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा ठराविक फोनच्या स्वतःच्या फास्ट चार्जिंगसाठी असतं, टॅबला त्यातले १०-१५ च मिळतात. टॅबसाठी "पीडी" म्हणजे पॉवर डिलिव्हरी लिहिलेला टाईप-सी आऊटपुट शोधा. काही पॅकवर टाईप-सी पोर्ट असतो पण तो फक्त पॅक भरायला, त्याच्याखाली नुसतं "इन" लिहिलेलं असतं, ते पण बघा.

शेवटी बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि "आर-" ने सुरू होणारा नंबर. भारतात पॉवर बँकेला हे रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे. नुसता शिक्का छापायला काय लागतं, म्हणून बीआयएस केअर ॲप घेऊन तो नंबर टाका, कंपनीचं नाव आणि वस्तू जुळते का बघा, दोन मिनिटांचं काम. पर्यटकांच्या सीझनला किनाऱ्यावरच्या स्टॉलवर गॉगल आणि टोप्यांच्या बाजूला पॉवर बँका टांगलेल्या असतात, बिल नाही, नंबर नाही, त्या लांबूनच बऱ्या.

नाव मोठं म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जून २०२५ मध्ये अँकरसारख्या कंपनीने ए१२६३ हे १०००० चं मॉडेल आगीच्या धोक्यामुळे अमेरिकेत परत मागवलं, ११ लाखांच्या वर नग होते. म्हणून बिल ठेवा, मॉडेल नंबरचा फोटो काढून ठेवा, आणि मधून मधून त्या मॉडेलचं रिकॉल आलंय का ते शोधत जा.

केबल: इथेच सगळे मार खातात

लोक चांगला पॅक घेतात आणि केबल घरातली कुठलीतरी जुनी लावतात. केबलच्या आतली तांब्याची तार किती जाड आहे ह्यावर सगळं अवलंबून आहे. उदाहरण देतो. आत २८ गेजची बारीक तार असलेली एक मीटरची केबल धरा, वीज जाते आणि परत येते म्हणजे दोन मीटर तार झाली, तिचा रोध ०.४३ ओहमच्या आसपास. त्यातून २ अँपिअर गेले की वाटेतच ०.८५ व्होल्ट पडतात, पॅकने ५ दिले तरी टॅबला ४.१५ मिळतात. टॅबला ते कमी वाटतात, तो ओढणं कमी करतो, आणि चार्जिंग रांगत राहतं. हीच केबल दोन मीटरची असेल तर बघायलाच नको. तीच तार २४ गेजची, म्हणजे जाड, असेल (गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड) तर एक मीटरला फक्त ०.३४ व्होल्ट जातात. म्हणून केबल छोटी आणि जाड, एक मीटरच्या आत, पॅक टॅबच्या जवळच ठेवायचाय ना, मग लांब कशाला.

पीडीने ९ व्होल्टवर चार्जिंग होतं त्याचा फायदा इथेच आहे. तेवढेच १५ वॉट ५ व्होल्टवर न्यायला ३ अँपिअर लागतात, ९ व्होल्टवर १.६७ च पुरतात, करंट कमी म्हणजे केबल कमी तापते.

पॅक आणि टॅब दोघांनाही टाईप-सी असेल तर दोन्ही टोकं सी असलेलीच केबल वापरा. एका बाजूला जुना चौकोनी ए प्लग आणि दुसऱ्या बाजूला सी अशा केबलमध्ये सी च्या प्लगात ५६ किलोओहमचा एक चिमुकला रेझिस्टर असावा लागतो, तो टॅबला सांगतो की समोरचा पोर्ट साधा आहे, बेताने घे. काही हलक्या केबलींत तिथे १० किलोओहमचा असतो, मग टॅबला वाटतं समोरून ३ अँपिअर मिळणार आणि तो ओढायला जातो, पोर्टची तेवढी ताकद नसेल तर पोर्ट तापतो. बाहेरून दोन्ही केबली अगदी सारख्या दिसतात, म्हणून ए-सी घ्यायचीच वेळ आली तर टॅबच्या डब्यात आलेली किंवा माहितीच्या कंपनीची घ्या.

प्लग लावल्यावर हलका हलवून बघा. ढिला लागत असेल, हलवलं की चार्जिंग जात-येत असेल तर तो पोर्ट नाहीतर प्लग गेलाय. अशा ढिल्या जोडातच काळं पडतं, प्लास्टिक वितळतं. पोर्टमध्ये कधी कधी नुसता कचरा साचलेला असतो, टॅब बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा, सुई-टाचणी घालू नका.

पहिल्यांदा लावताना

नवीन पॅक आणला की लगेच बॅगेत टाकून निघू नका. घरी लादीवर ठेवा, गादी-सोफ्यावर नको, आणि आजूबाजूला पेपर-पडदे नकोत. आधी पॅक त्याला सांगितलेल्या चार्जरने पूर्ण भरा, भरताना किती तापतो ते हात लावून बघत राहा. मग टॅब ३०-४० टक्क्यांवर असताना लावा, कारण भरलेला टॅब जास्त ओढतच नाही आणि मग परीक्षा होत नाही.

लावल्यावर पहिल्यांदा टॅबवर चार्जिंगची खूण आली का बघा. दोन्हीकडे टाईप-सी असलं की कधीकधी उलटं होतं, टॅबच पॅकला चार्ज करायला लागतो! तसं झालं तर केबल काढा, पॅकचं बटण दाबून परत लावा, किंवा टॅबच्या नोटिफिकेशनमध्ये यूएसबीचं ऑप्शन येतं तिथून दिशा बदला.

मग अर्धा तास तिथेच बसा. दर दहा मिनिटांनी तीन जागी हात लावायचा, पॅकची पाठ, केबलची दोन्ही टोकं आणि टॅबची मागची बाजू. कोमट लागलं तर ठीक. हात ठेवून दहा सेकंद निवांत ठेवता येत नसेल तर काढा. केबलचं फक्त टोकच तापलं असेल तर दोष जोडात आहे, सगळा पॅक एकसारखा तापला तर पॅकवर लोड जास्त, आणि पॅक एकाच कोपऱ्यात तापत असेल तर तो पॅक सरळ परत करा.

जमलं तर एक यूएसबी मीटर घ्या, मध्ये लावायचा छोटासा असतो, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. मी सगळ्यांना हा घ्यायला सांगतो कारण मग अंदाजपंचे राहत नाही. ५ व्होल्टचं चार्जिंग असेल तर आकडा ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवा, ९ व्होल्टवर साधारण साडेआठ ते साडेनऊ. लोड आल्यावर व्होल्ट खाली-वर नाचत असतील तर तो पॅक टॅबसाठी नाही. मीटर आधी पॅकच्या तोंडाशी आणि मग केबलच्या टॅबकडच्या टोकाला लावून बघितला तर केबलमध्ये किती पडतंय ते पण कळतं.

चवथीत, भजनात, तालमीत

आरत्या आणि अभंगांसाठी टॅब स्टँडवर लावतात, घुमट-शामेळ-झांजा चालू, घरात माणसांची गर्दी, पंखा एका बाजूला. इथे पॅक कुठे ठेवायचा ह्याचा कोणी विचारच करत नाही, टॅबच्या मागे रबर बँडने बांधून टाकतात. दोन तापणाऱ्या वस्तू पाठीला पाठ लावून बांधल्या की एकमेकींची उष्णता अडते. पॅक वेगळा, स्टँडच्या पायाशी कडक जागेवर, केबल मागून अशी आणायची की येता-जाता कोणाचा पाय अडकणार नाही. अडकला की टॅब पडतो ते एक आणि पोर्ट वाकतो ते दुसरं, आणि वाकलेला पोर्ट नंतर तापतो.

मखराजवळ तर अजिबात नको. थर्मोकोल, कागदी फुलं, कापडी पडदे, समई, कापूर, वर माटोळी (फळं-पानं बांधलेली टांगती चौकट), तिथे आपण आणखी एक तापणारी वस्तू कशाला ठेवायची. आरतीला सगळे उभे राहतात तेव्हा खाली कोणाचं लक्ष नसतं.

टॅबचं जाड कव्हर काढून ठेवा, ब्राईटनेस अर्ध्यावर आणा, डार्क मोड लावा, अभंगांची पीडीएफ आधीच डाऊनलोड करून एअरप्लेन मोड टाका. सिग्नल शोधण्यातच टॅब जास्त तापतो. एवढं केलं की कितीतरी वेळा पॅक लावायची गरजच पडत नाही. आणि १०० टक्क्यांवर पोचलेल्या टॅबला रात्रभर पॅक लावून ठेवू नका, ३० वर आला की लावायचा, ८० ला काढायचा. बऱ्याच टॅबमध्ये बॅटरी प्रोटेक्शन म्हणून सेटिंग असतं, ते चालू केलं की टॅब स्वतःच ८० च्या आसपास थांबतो.

भिंतीतला चार्जर पॅकला आणि पॅक टॅबला अशी साखळी काहीजण कायमची लावून ठेवतात. ज्या पॅकच्या माहितीपत्रकात तसं चालतं असं स्पष्ट लिहिलंय त्यातच करा, आणि ते पण तेवढ्यापुरतं. आत एकाच वेळी भरणं आणि देणं चालू असल्यामुळे पॅक जास्त तापतो.

एकाच पॅकवर टॅब आणि दोन फोन लावले तर वॉट वाटले जातात. दुसरी केबल घातली की पहिलं चार्जिंग क्षणभर तुटून परत सुरू होतं, ते बिघाड नाही, पॅक नव्याने वाटणी करत असतो.

ऊन, पाऊस आणि खारी हवा

आयपॅड वापरायला ॲपल ० ते ३५ अंशांची हवा सांगते, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये सावलीतच तेवढं होतं. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायचीच नसते. उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून ५० च्या सहज वर जाते, स्कूटरची डिकी तर आणखी वाईट, खालून इंजिनची पण धग. मोरजीला नाहीतर मिरामारला गेलात तर पॅक डिकीत सोडून जाऊ नका, बरोबर घ्या. तापलेला पॅक घरी आणला तर आधी सावलीत निवू द्या, मगच चार्जला लावा, आणि निववायला फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी एक गोष्ट पाळा. काम झालं की केबल पॅकमधून पण काढा. खाऱ्या दमट हवेत पिनांवर वीज खेळत राहिली की त्या लवकर हिरव्या-काळ्या पडतात. फेरीबोटीत, पावसात पोर्टवर पाणी गेलं तर टॅब ओलाव्याची वॉर्निंग देतो, ती बंद करून जबरदस्तीने लावू नका. टॅबच्या पोर्टचं तोंड खाली करून झटका, पंख्याखाली काही तास ठेवा. तांदळात घालायचा उद्योग नको, पोर्टात पीठ आणि कण जातात. खारं पाणी गेलं असेल तर पॅक वापरणं बंदच करा, टॅब सर्व्हिसला दाखवा.

विजा चमकत असताना मात्र पॅक फार उपयोगी आहे. भिंतीतला चार्जर काढून ठेवायचा आणि टॅब पॅकवर चालवायचा, घरातल्या वायरिंगशी संबंधच उरत नाही. लाईट परत आली की लगेच सगळं लावू नका, व्होल्टेज स्थिर व्हायला थोडा वेळ द्या.

पावसाळाभर पॅक कपाटात ठेवणार असाल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा नको, निम्म्याच्या आसपास ठेवा आणि तीनेक महिन्यांनी बघून परत तेवढा करा.

हे करू नका

गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून दोन वायरी काढून थेट टॅबला जोडायचा प्रयत्न कोणी करू नये, मध्ये चांगला कार चार्जर हवाच. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून घरी पॅक जुळवणं, बॅटरी गेलेल्या टॅबची पाठ उघडून बाहेरून वायर सोल्डर करणं, हे पण नको. टॅबच्या बॅटरीला प्लस-मायनसशिवाय तापमान सांगणारी आणि इतर माहिती देणारी जोडणी असते, आणि तिथल्या संरक्षणाला बगल दिली की पुढे काय होईल ते आपल्या हातात राहत नाही.

विमानात पॅक केबिन बॅगेतच न्यायचा, चेक-इनला दिलेल्या बॅगेत नाही, मोपा असो की दाबोळी. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ते २७००० एमएएचला पोचतात. आकडा पुसला गेला असेल तर सिक्युरिटीला अडवू शकतात. आत बसल्यावर पॅकवर टॅब चार्ज करू नका, पॅक वरच्या कप्प्यात पण नको, जवळ नजरेसमोर असू दे.

फुगला, वास आला, धूर आला तर

पॅक फुगलाय का हे असं बघा. सपाट लादीवर ठेवून बोटाने गोल फिरवा. चांगला पॅक घासत थांबतो, पोट आलेला गरगर फिरतो नाहीतर डुगडुगतो. टॅबची स्क्रीन एका कडेने उचलल्यासारखी दिसली तर तेच, आत बॅटरी फुगलीय. अशा वेळी चार्जिंग लगेच बंद, दाबून बसवायचं नाही, टोचून हवा काढायची तर नाहीच नाही, त्या वायूला पेट घ्यायला वेळ लागत नाही.

गोडसर-केमिकलसारखा वास आला किंवा सूं-सूं आवाज आला आणि पॅक हाताळता येण्याजोगा असेल तर केबल ओढून तो बाहेर अंगणात सिमेंटवर नेऊन ठेवा आणि लांब व्हा. धूर-ज्वाळा सुरू झाल्या असतील तर हात लावू नका, मुलांना बाहेर काढा, धूर छातीत घेऊ नका, १०१ किंवा ११२ ला फोन करा. भिंतीतल्या वायरीला जोडलेला नसेल आणि लांबून ओतता येत असेल तर भरपूर पाणी ओता, सेल थंड होणं गरजेचं असतं, एक विझला तरी बाजूचा परत पेटू शकतो. पेटून गेलेला पॅक काही तास तसाच बाहेर राहू द्या.

मेलेला किंवा फुगलेला पॅक पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. तो कचरा गाडीत आणि पुढे प्लांटमध्ये दाबला जातो, तिथे काम करणाऱ्या माणसांच्या हातात तो फुटायचा. पोर्टवर चिकटपट्टी लावा, फुगलेला असेल तर घराबाहेर कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा. मग पंचायतीत ई-कचरा कधी नेतात ते विचारा, किंवा ज्या कंपनीचा आहे तिच्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. देताना तो बाकीच्या प्लास्टिकमध्ये मिसळू देऊ नका, हातात देऊन सांगा की आत लिथियम आहे.